कानबाईच्या दिवसाचे फोटो

धानोरा
१२ सप्टेंबर २०२५

भाग्येश,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, खोडलं. तू माझा नंबर ब्लॉक करायचा आणि मी तुला आशीर्वाद लिहायचे, एवढं मोठं मन माझं नाही. आपल्या गावचा भूपेश सुरतेहून आला, त्याने तुझी चिठ्ठी दिली. दोन ओळी. ‘आईचे कानबाईचे फोटो द्या. बाकी काही बोलायचं नाही.’ वा रे वा! दूधवाल्यालासुद्धा माणूस याहून बरं लिहितो.

फोटो आहेत. उतावीळ होऊ नकोस. पस्तीस वर्षं या गावात स्टुडिओ चालवला, कुणाचा फोटो माझ्याकडे अडकून राहिला नाही. निवडतोय. डोळ्यांना आता त्रास होतो, एकेक बघायला वेळ लागतो.

आई गेल्यावर गंधमुक्तीच्या दिवशी तू ओट्यावर जे बोललास ते मी विसरलेलो नाही. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला होता, नाक आणि हनुवटी एक झालेली. तू म्हणालास, “पप्पा, सगळ्या गावाचे फोटो काढले, बायकोचा एक नाही तुमच्याकडे?” चार भाऊबंदांत म्हणालास. खरं तेच म्हणालास. मी एवढंच म्हणालो, कानबाईला काढलेत, अजून कार्डातच आहेत. दिव्याखाली अंधार. ती सतत कॅमेऱ्याच्या मागे, लोकांच्या लेकरांना हसवायला खुळखुळा घेऊन उभी. पुढे ये म्हटलं की पदर तोंडावर. तुझ्या मोबाइलमध्ये तरी काय आहे? पदरच आहे. लग्नानंतर मी गच्चीवर तिचा एक काढला होता, तो घर गळलं त्या वर्षी ओलीने गेला. म्हणजे ती स्वतःहून बसली, ते फोटो श्रावणातल्या कानबाईच्या सणाचेच. मला काय त्यांची किंमत कळत नाही?

तुला घाई आहे म्हणून सांगतो. एका फोटोत ती पुढच्या दारात खुर्चीवर बसली आहे, हिरवं लुगडं, नथ, उजेड डाव्या गालावर. दुसऱ्यात रोटाच्या नैवेद्याची परात मांडीवर घेतली आहे. एकात हसली आहे, दात दिसू नयेत म्हणून ओठ दाबून. तो फार छान आलाय, माझ्या जुन्या लेन्सने.

आणि आजार लपवला म्हणून माझ्यावर दात खाऊ नकोस. शपथ तिनेच घातली होती. “पोऱ्या नवा नवा कामले लागेल शे, त्याले सांगू नका.” मी शपथ पाळली, एवढाच माझा गुन्हा.

पप्पा


धानोरा
३० सप्टेंबर २०२५

भाग्येश,

तुझा पेनड्राइव्ह मिळाला. ‘निवडू नका, सगळे द्या.’ हुकूमच की! पण अडचण आहे. कार्ड उघडत नाही. कॉम्प्युटरला लावलं की नुसतं गरगर फिरतं. नंदुरबारला एकाला दाखवलं, तो म्हणाला ठेवून जा. मी ठेवलं नाही. असलं कार्ड परक्याकडे कसं ठेवायचं?

तू विचारलंस की तुझी चांगली ऑटोफोकसची लेन्स कपाटात असताना आईचे फोटो जुन्या लेन्सने का काढले. तिचाच हट्ट. तुझी लेन्स लावून तिला नुसतं स्क्रीनवर दाखवलं तर म्हणाली, “बाई गं, सगळ्या सुरकुत्या मोजी लिन्यात यानी!” मग म्हणाली, “तुम्हना जुना काच लावा, मंगच मी बठसू.” जुना काच म्हणजे माझी अठ्ठावन्न एमएमची रशियन लेन्स. गच्चीवरचा तो फोटो मी त्याच लेन्सने काढलेला. तिच्या लक्षात होतं. बत्तीस वर्षांनी लक्षात होतं!

म्हणून तू मागवलेला अडॅप्टर बाहेर काढला. दोन वर्षं डबीत पडून होता. तू माझ्या वाढदिवसाला दिलास तेव्हा मी तुला हसलो होतो. एका बाजूला माझ्या लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला तुझ्या मिररलेस कॅमेऱ्याचं तोंड, आत ना काच ना तार. मी म्हणालो, पोराने बापाला भोक भेट दिलं. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. आता सांगतो, वस्तू चांगली आहे. लेन्स अशी बसली की जराही हलली नाही. आणि ती तुमची लाल रेघांची सोय! रिंग फिरवावी तसतशा नीट झालेल्या कडा लाल चमकतात. माझ्यासारख्या मोतीबिंदूवाल्याला तर देव पावला. नथीचा एकेक मोती लाल झाला की बटण दाबायचं. मी पाऊण तास दाबत होतो.

कानबाई बसली त्या दिवशी तू यायला हवा होतास. सगळे भाऊबंद आले. रोटाचे गहू घेताना घरातल्या पुरुषांच्या नावाची सव्वा सव्वा मूठ तिने स्वतः मोजली. हातात जोर नव्हता, शेजारची तापीबाई म्हणाली, वहिनी मी घेते. तुझी मूठ तिने कुणाला घेऊ दिली नाही. मी म्हणालो, तो येणार नाही, कशाला मोजतेस. तिने तुझ्या मुठीवर वरची पाव मूठ टाकली.

मे महिन्यात त्या लग्नाच्या मांडवात जे झालं त्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण तूही कॅमेरा टेबलावर आपटून संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. बाप बोलतो. बापाने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

पप्पा


धानोरा
१८ ऑक्टोबर २०२५

भाग्येश,

भूपेशबरोबर कार्ड पाठवतोय. हट्टच धरलास, ‘कार्डच द्या, इथे रिकव्हर करणारा माणूस आहे.’ घे. पण आधीच सांगून ठेवतो, कार्ड पाण्यात पडलं होतं. पाण्याच्या हौदाशी शर्टाच्या खिशातून निसटलं. म्हणून त्याच्या पितळी पट्ट्या जरा खराब दिसतील. काही निघालं नाही तर मला बोल लावू नकोस.

आणि तुझ्या त्या माणसाला जास्त उकरायला सांगू नकोस. जे गेलं ते गेलं. फोटो म्हणजे काय माणूस असतो का? मी सगळं आयुष्य फोटो काढले, मला विचार. लोक फोटो नेतात, भिंतीला लावतात आणि वर्षभराने त्यावर कॅलेंडर लटकवतात.

यंदा दिवाळी नाही. तापीबाई शेजारून सकाळ-संध्याकाळ भाकरी आणून देते. सख्खी नसून बहिणीची माया करते, पण हल्ली तीही माझ्याशी धड बोलत नाही. भाकरी ठेवते, जाते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “भाऊ, तुम्हले माहीत शे.” मला काय माहीत असणार!

स्टुडिओ बंदच आहे. पासपोर्ट फोटोवाले येतात, मी आतून कडी लावून बसतो. कॅमेऱ्यावर ती लेन्स अजून तशीच आहे. काढवत नाही.

पप्पा


धानोरा
१० नोव्हेंबर २०२५

भाग्येश,

तर उघडलं म्हणायचं कार्ड. तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. ‘ह्या कार्डवर कानबाईचा एकही फोटो कधीच नव्हता. शेवटचा फोटो मे महिन्यातला आहे. पट्ट्या पाण्याने नाही, पात्याने खरवडल्या आहेत. खरं काय ते लिहा.’

खरं लिहितो. कार्ड मी ब्लेडने खरवडलं. हौदाचं खोटं. नंदुरबारच्या माणसाचंही खोटं, मी कुणाकडे गेलो नव्हतो. फोटो नाहीत. एकही नाही.

तू अडॅप्टर दिलास तेव्हा एक गोष्ट सांगितली होती. ‘पप्पा, ही लेन्स लावण्याआधी मला सांगा. कॅमेऱ्याला जुनी लेन्स ओळखता येत नाही, त्याला वाटतं समोर लेन्सच नाही, मग तो बटण घेत नाही. मेनूत एक सेटिंग चालू करावी लागते.’ मी ऐकलं होतं की नव्हतं, देव जाणे. तू बोलायला लागलास की मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, हा मला शिकवतो!

आणि दुसरं. लग्नात भटजी कटकट करतात म्हणून तू शटरचा आवाज बंद करून ठेवला होतास. ते मात्र माझ्या पक्कं ध्यानात होतं, की हा कॅमेरा आवाज करत नाही. म्हणून पाऊण तास मी बटण दाबत होतो, आवाज येत नव्हता आणि मी खूश होतो. दर वेळी आत एक इंग्रजी पाटी यायची. चष्मा काढून बघत होतो, अक्षर लागत नव्हतं. मला वाटलं, फोटो कार्डात जातोय त्याची पाटी आहे. पाटी जायची, की मी पुन्हा दाबायचो. ‘मान जरा इकडे. हनुवटी वर. हां, बस.’ ती बिचारी माझं ऐकून मान फिरवत होती. आतडं सुकलेली बाई, पाण्याचा घोट गिळता येत नव्हता तिला, ती पाऊण तास ताठ बसली.

भर मांडवात मी काय म्हणालो होतो? ‘हा फोटो काढत नाही, मशीन काढतं, हा नुसता बटण दाबतो.’ घे. माझ्या मशीनने काढलाच नाही आणि मी नुसता बटण दाबत होतो. हस आता. तुझा हक्क आहे.

एक फोन केला असता तर तू अर्ध्या मिनिटात सांगितलं असतंस. तेव्हा माझा नंबर ब्लॉक नव्हता. ती म्हणालीसुद्धा, लेन्स लावताना, “त्याले फोन करा ना, इचारी ल्या.” मी म्हणालो, माझ्या पोराला मी विचारू? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

मला कळलं तेव्हा ती गेलेली होती. गंधमुक्तीसाठी फोटो हवा म्हणून कॅमेरा उघडला तेव्हा कळलं. मग तुला काय तोंडाने सांगू? एक खोटं बोललो, ते झाकायला दुसरं.

तू लिहिलंस की कार्डवरचा शेवटचा फोटो माझा आहे, मांडवात बोट उगारलेला. तो पुसून टाक.

पप्पा


धानोरा
९ डिसेंबर २०२५

भाग्येश,

तुझं पत्र आलं. चिठ्ठी नव्हे, पत्र. तू लिहिलंस: ‘पप्पा, असं कुणाचंही होतं, आमच्याकडे मोठमोठ्यांचं होतं. चूक माझी आहे. आवाज मी बंद केला होता, सेटिंग मी तुम्हाला करून द्यायला हवी होती, उगाच रागाने निघून आलो. आईचा फोटो माझ्यामुळे राहिला. पुढच्या आठवड्यात सुटी काढून येतो. तुम्ही एकटे जेवू नका.’

तापीबाईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “भाऊ, आते तरी सांगा त्याले. तुम्ही नही सांगं त मी सांगसू.” मी म्हणालो, तू गप. ती भाकरी न ठेवताच गेली. तीन दिवस झाले. पण तिच्या धाकाने लिहीत नाही. तुझ्या ‘चूक माझी आहे’ या एका वाक्यामुळे लिहितोय. तू ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन इथे येशील, माझ्या समोर बसशील, आणि मी तुझ्याकडून माफी ऐकून घेईन. एवढं पाप मला झेपणार नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की मला कळलं तेव्हा ती गेलेली होती. खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं.

पाच वाजले असतील. फोटो काढून झाले. ती खुर्चीतच होती, नथ नाकात होती. तिचा आवाज तेव्हा बसला होता, नुसता वारा यायचा. म्हणाली, “दखाडा ना, कशी दिसी ऱ्हायनी मी?” मी बटण दाबलं, तर स्क्रीनवर मी. बोट उगारलेला. पुढे दाबलं, मागे दाबलं, सगळं मे महिन्यातलं. मी चष्मा लावला, लेन्स तिच्याकडे रोखून पुन्हा शटर दाबलं आणि ती इंग्रजी पाटी वाचली. लेन्स ओळखता येत नाही. तुझं सगळं बोलणं आठवलं, शब्दन् शब्द.

भाग्येश, उजेड अजून तासभर होता. ती तिथेच बसलेली होती. तुला फोन लावला असता तर पुन्हा सगळे फोटो निघाले असते. किंवा तुझी लेन्स लावली असती. ती थकली असती, पण बसली असती. मी म्हणालो असतो, “अगं, फसलो गं, पुन्हा बस,” तर ती हसली असती माझ्यावर. बस, एवढंच झालं असतं. पण तुला फोन करायचा म्हणजे कबूल करायचं की या पोराशिवाय मला बटण दाबता येत नाही. मी कॅमेरा बंद केला आणि म्हणालो, “फार छान आलेत. मोठे करून दाखवीन.”

त्यानंतर ती अकरा दिवस होती. अकरा दिवस मला रोज संधी होती.

तुला वाटतं तिने फोटो हौसेने काढून घेतले. तसं नाही. तिने तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, पण तू यावास म्हणून जीव तुटत होता. फोनवर आवाज ऐकून तू घाबरशील म्हणून ती तुझा फोन घेत नव्हती. तापीबाई सांगायची, आई देवाला गेलीय. तो फोटो हाच तिचा निरोप होता. मला म्हणाली, “तो फोटोवाला शे. तोंड देखीसन त्याले समजी जाई. फोटू देखीसन येई तो.” म्हणून ती पाऊण तास बसली.

दोन दिवसांनी विचारलं, “धाडात का फोटू त्याले?” मी म्हणालो, हो, कालच मोबाइलवर पाठवले, त्याने बघितले. ‘बघितले’ हे मी उगाच जोडलं. तिला बरं वाटेल म्हणून जोडलं. मग कसे आलेत ते सांग म्हणाली. मी सांगत बसलो, दारातला, परातीचा, ओठ दाबून हसलेला. पहिल्या पत्रात तुला लिहिलं ना, ते तिला रोज सांगून सांगून मला पाठ झालं होतं.

मग ती वाट बघायला लागली. सुरतेची गाडी नंदुरबारला कधी येते, तिथून एसटी कधी, सगळं तिने तापीबाईकडून माहीत करून घेतलं. एसटीच्या आधी तापीबाईकडून वेणी घालून घ्यायची. एसटी यायची, माणसं उतरून घरी जायची, तापीबाई फाट्यावरून एकटी परत यायची. तापीबाई म्हणायची, वहिनी, मी लावते त्याला फोन, विचारते. ती हात धरायची. “इचारू नको. बलाईसन उना त काय उना?” बोलावल्यावर आला तर ते येणं कसलं, हे तिचं म्हणणं. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी तिने वेणी घालू दिली नाही. म्हणाली, “त्यानी देखं. समजनं बी व्हई त्याले. तरी नही उना.” त्या वेळी मी पाण्याची वाटी धरून बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. अगं, त्याने काही बघितलंच नाही, फोटोच नाहीत, माझी चूक झाली. माझ्या तोंडून निघालं नाही. तापीबाईला मी हे सगळं ती गेल्यावर सांगितलं, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.

तुला वाटतं, आईला शेवटी माझी आठवण आली असेल. आली. पण ती गेली ते तू तिचं तोंड बघून, ओळखून, तिकडेच राहिलास असं समजून गेली. हे तुझ्या वाट्याला मी आणलं. तू काहीही केलं नव्हतंस.

रडली नाही. तुला नावं ठेवली नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी मला जवळ बोलावलं, कान तोंडाशी न्यावा लागला. म्हणाली, “जाऊ द्या, त्याले काम व्हई. मन्हामांगे त्याले बोलू नका.” तू न केलेल्या गोष्टीसाठी तिने तुला माफ केलं, आणि मी तिचा हात हातात घेऊन ‘हो’ म्हणालो.

गिरधर